सौमित्रचं ऑपरक्युलम

कंपनीच्या वैद्यकीय फॉर्मात सतरावा प्रश्न होता : ‘गेल्या एका वर्षात आपली एखादी शस्त्रक्रिया झाली आहे काय? असल्यास तिचे नाव लिहा.’ त्यापुढे दीड इंच कोरी जागा. त्या दीड इंचात काय लिहायचं या चर्चेत विश्रांतवाडीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमधली रविवारची अख्खी सकाळ गेली.

“दाढ दुखत होती, हिरडी कापली, असं लिही,” सुनीतीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

“आई, हिरडी म्हटलं की सगळी हिरडी आली. त्यांना वाटेल, माझ्या तोंडात हिरडीच नाही.” उजवा गाल सुजलेला असल्यामुळे सौमित्रच्या तोंडून ‘हिरडी’ हा शब्द ‘हिलली’ असा बाहेर पडला.

“मग लिहूच नकोस काही.”

“म्हणजे खोटं बोलू?”

“गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं असेल, तर तुझे बाबा तीस वर्षं खोटंच बोलतायत.”

यावर वर्तमानपत्राआडून दिगंबररावांनी काहीही न बोलून आपलं मत नोंदवलं.

सौमित्रने पेनाचं टोपण काढलं आणि दीड इंचात, सुवाच्य अक्षरात, इंग्रजीतून लिहिलं : ‘ऑपरक्युलेक्टमी’. शेवटचं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत गेलं, पण मावलं.

आता, असा शब्द कुणी आपण होऊन लिहीत नाही. पण सौमित्रचं या शब्दाशी घरचं नातं होतं. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करताना त्याने दोन वर्षं मुळा-मुठेच्या काठाने चिखल तुडवत गोगलगायी गोळा केल्या होत्या. पाण्यातल्या काही गोगलगायींच्या शंखाला एक टणक झाकण असतं. गोगलगाय आत शिरली की ते झाकण ओढून घेते. त्या झाकणाचं नाव ऑपरक्युलम. सौमित्रचा छप्पन्न पानांचा प्रबंध त्या झाकणावर होता. तो तिघांनी वाचला होता : त्याने स्वतः, टाइप करणाऱ्याने आणि (संशयाचा फायदा देऊन) परीक्षकांनी.

पुढे गोगलगायींवर कुणी नोकरी देत नाही हे लक्षात आल्यावर त्याने सगळ्यांसारखा संगणकाचा कोर्स केला. सेनापती बापट रस्त्यावरच्या एका कंपनीचं पत्र आलं ते नेमकं दोन हजार एक साली, अमेरिकेतल्या कंपन्या धडाधड बंद पडत होत्या तेव्हा. इथल्या कंपन्या दिलेली पत्रं परत घ्यायला निमित्त शोधत होत्या. सौमित्रच्या वर्गातल्या चौघांची पत्रं अशी परत गेली होती. एकाचं तर ‘फोटोतला चष्मा प्रत्यक्षात नाही’ म्हणून. सोमवारी, म्हणजे आठ दिवसांनी, नवी बॅच सुरू होणार होती. त्या बॅचमध्ये बसायचं आणि तोवर कुणाच्याही डोळ्यावर यायचं नाही, एवढंच करायचं होतं.

आणि अशा वेळी त्याची अक्कलदाढ उगवली. अर्धीच उगवली आणि थांबली. शनिवारी तो दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून बसलेला असताना डॉक्टर दिवा जवळ ओढून म्हणाले, “दाढ चांगली आहे हो. तिच्यावर हे ऑपरक्युलम आलंय ना, त्याच्याखाली अन्न अडकतंय. एवढं काढून टाकू.”

सौमित्र ताडकन उठायला लागला. तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं. तरी तो म्हणाला, “ओओआय! ओओआय!”

“दुखतंय?”

त्याने जोरजोरात मान हलवली. त्याला ‘गोगलगाय’ म्हणायचं होतं.

“थुंका,” डॉक्टर म्हणाले.

मंगळवारी फॉर्म कंपनीत पोचला. बुधवारी दुपारी कंपनीतून फोन आला. तो सौमित्रच्या घरी आला नाही. त्यांच्या रस्त्यावर इंटरनेटची केबल टाकण्यासाठी खणताना टेलिफोनची केबल तुटली होती आणि सोसायटीतल्या मागच्या इमारतीचे सगळे फोन अकरा दिवस मुके होते. म्हणून सौमित्रने फॉर्मवर पुढच्या इमारतीतल्या शैलाकाकूंचा नंबर दिला होता. शैलाकाकूंच्या फोनशेजारी भिंतीवर पाटी होती : ‘आपले बोलणे तीन मिनिटांत आटपावे. पाणी मिळेल. चहा नाही.’ पण ही पाटी येणाऱ्यांसाठी होती. काकू स्वतः त्या फोनवर कंपनीतल्या ऋचा नावाच्या मुलीशी पंधरा मिनिटं बोलल्या.

बोलून झाल्यावर त्या मागच्या इमारतीत आल्या. वाटेत त्यांना चार माणसं भेटली असावीत, कारण त्या पोचायच्या आत बातमी पोचली होती.

“सुनीती,” दारातच त्या म्हणाल्या, “एवढं मोठं ऑपरेशन केलंत आणि शेजाऱ्यांना कळवलं नाहीत? डबा दिला असता मी.”

“कसलं ऑपरेशन?”

“मला कशाला लपवतेस? कंपनीतल्या बाईंनी विचारलं, ‘सौमित्रची मेंदूची शस्त्रक्रिया झाली, आता कसे आहेत?’ मी म्हटलं, दिसायला तर बरा दिसतो.”

सौमित्र बाहेरच्या खोलीत आला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. “बस हं बाळा. उभा राहू नकोस. मी कोण आहे, सांग बरं?”

“काकू, माझा मेंदू जागेवर आहे. ऑपरक्युलम काढलंय, दाढेवरचं.”

पण गाल सुजलेला होता, त्यामुळे ‘दाढेवरचं’ हे काहीतरी ‘डालेवलचं’ असं झालं. काकूंनी सुनीतीबाईंचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या सत्यशीलाबाई वर आल्या. त्या एकोणतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना पाहून सौमित्रला धीर आला. आता निदान एक माणूस तरी लॅटिन समजणारं भेटलं.

“ऑपरक्युलम तुझ्यात कसं असेल?” खुर्चीत बसता बसताच बाईंनी विचारलं. “ते मॉसमध्ये असतं. पावसाळ्यात आपल्या गच्चीच्या कठड्यावर हिरवं मखमलीसारखं येतं ना, ते. त्याच्या बीजाणूंच्या कुपीला बारीक झाकण असतं. ते उडालं की बीजाणू बाहेर. ते ऑपरक्युलम.”

“बाई, गोगलगायीतही असतं. माशाच्या कल्ल्यावरही असतं. मूळ लॅटिन अर्थच झाकण. जिथे झाकण दिसलं तिथे लोकांनी तो शब्द लावला.”

“लोकांनी लावला असेल. आमचं वनस्पतींचं खरं.”

“मग निलगिरीच्या कळीवरचं?”

“तेही वनस्पतीचंच झालं ना?” बाई विजयी मुद्रेने म्हणाल्या. “तू कळी आहेस का? नाहीस. मॉस आहेस का? तेही नाहीस. मग फॉर्मवर चुकीचं का लिहिलंस?”

दिगंबररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आठवड्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं. “छप्पन्न पानं लिहिलीस ना रे त्याच्यावर? मग एका ओळीत सांगता येत नाही?”

सौमित्रने एका ओळीत सांगायचा प्रयत्न केला. ओळीत तीन अल्पविराम आणि एक ‘तथापि’ आला. दिगंबररावांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

गुरुवारी सकाळी तो कंपनीत गेला. ऋचा त्याच्याच वयाची होती आणि तिच्या टेबलावर त्याचा फॉर्म होता. प्रश्न क्रमांक सतराभोवती लाल वर्तुळ.

“ॲक्चुअली मी सर्च केलं,” ती म्हणाली. “पहिला रिझल्ट ब्रेनचा आला. मेंदूचा एक भाग झाकणारी घडी, असं काहीतरी. दुसरा फिशचा होता. तुम्ही फिश नाही आहात, सो मी पहिला घेतला.”

“बरोबर केलंत. म्हणजे पद्धत बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. हे दाढेवरचं आहे. हे डॉक्टरांचं पत्र.”

‘दाढेवरचं’ पुन्हा ‘डालेवलचं’ झालं होतं. ऋचाने पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, ‘ऑपरक्युलम काढले आहे. रुग्ण ठीक आहे.’ दाढेचा उल्लेख नव्हता. दंतवैद्यांना तो करावासा वाटला नाही, यात त्यांचा तरी काय दोष? चांभार पावतीवर ‘पायातला जोडा’ असं लिहीत नाही.

“हे तर कन्फर्मच झालं,” ऋचा म्हणाली. “काढलंय. बघा, माझं पर्सनली काही नाही. पण सर म्हणतात, सरकारी रुग्णालयातून मेंदूच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. उद्या पाचपर्यंत. नाहीतर तुमची सीट वेटिंग लिस्टला जाईल. एकवीस जण आहेत वेटिंगला.”

सौमित्र तिथून थेट सरकारी रुग्णालयात गेला. केसपेपरच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी वर न बघता विचारलं, “काय होतंय?”

“काही होत नाहीये. सर्टिफिकेट हवंय. ऑपरेशन तोंडाचं झालंय, पण कागद मेंदूचा लागणार आहे.”

“तोंडाचं तोंडाकडे, मेंदूचं मेंदूकडे. मधलं खातं आपल्याकडे नाही.” खिडकीतल्या गृहस्थांनी जरा विचार करून त्याला जनरलला पाठवलं. जनरल म्हणजे ज्यांचं काय करायचं ते कळत नाही त्यांची खोली.

तिथे बसलेला तरुण डॉक्टर परीक्षेला बसणारा असावा. ‘ऑपरक्युलम’ हा शब्द कागदावर दिसताच त्याचा चेहरा उजळला. “अरे वा! खेकडे खाता का? कच्चे, अर्धवट शिजलेले?”

“आमच्याकडे अंडंसुद्धा खात नाहीत.”

“तुम्ही अंडी खाता का हा प्रश्न नाही. तुमच्यात अंडी आहेत का, हा आहे. चपट्या कृमींच्या अंड्यांना एका टोकाला झाकण असतं. ऑपरक्युलम! कालच वाचलं.” आणि त्याने भराभर चिठ्ठी लिहिली.

तो ज्या क्षणी ‘झाकण’ म्हणाला, त्या क्षणी सौमित्रला, एवढ्या गोंधळातही, क्षणभर आनंद झाला. हा अर्थ त्याला माहीत नव्हता. प्रबंधात एक तळटीप वाढवता आली असती. याच आनंदात तो चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेपर्यंत गेला आणि तिथल्या बाईंनी त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक डबी ठेवली तेव्हा भानावर आला.

“उद्या सकाळी पहिली आणा,” बाई म्हणाल्या. “झाकण घट्ट लावून.”

या डबीबद्दल त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी तो ती डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि दुसरी पिशवी पोटाशी धरून बसमध्ये उभा होता, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी “द्या, मी धरतो मांडीवर” असं म्हटल्यावर त्याने ज्या वेगाने नकार दिला, त्यावरून त्या गृहस्थांचा पुणेकरांबद्दल काही ग्रह झाला असल्यास त्याला इलाज नव्हता. साडेअकराला अहवाल मिळाला. अंडी नव्हती. या कागदाच्या जोरावर त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं; म्हणजे पोट साफ आहे, आता डोकं बघा.

मेंदूचे डॉक्टर वयस्कर आणि शांत होते. त्यांनी सौमित्रला नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सौमित्रने दोनपर्यंत वजाबाकी न चुकता केली आणि पुढे ऋण संख्यांत जाऊ का, असं विचारलं. डॉक्टरांनी नको म्हटलं.

“छान. आता म्हणा : चटईला टवका, टवक्याला चटई. तीनदा. भराभर.”

गाल अजून उतरला नव्हता आणि टाके ओढत होते. सौमित्रच्या तोंडून पहिल्यांदा ‘चतईला’ आलं, दुसऱ्यांदा ‘तवका’ आला, तिसऱ्यांदा थोडी लाळ आली.

डॉक्टर गंभीर झाले. “उच्चार अस्पष्ट आहेत. आणि बोलण्याचं केंद्र नेमकं त्याच ऑपरक्युलममध्ये असतं.”

“सर, तोंडात टाके आहेत. दाढेजवळ.”

“तोंडात काय आहे ते तोंडाचं खातं बघेल.” त्यांनी उठून सौमित्रच्या केसांतून दोन्ही हात फिरवले, विकत घ्यायच्या आधी नारळ चाचपावा तसे. “व्रण नाही. म्हणजे कवटी उघडलेली नाही. मग काढलं कुठून?”

“तेच सांगतोय सर. ते काढलेलंच नाही. जे काढलंय ते वेगळं.”

डॉक्टरांनी पेन उचललं आणि कागदावर लिहिलं : ‘ऑपरक्युलम दोन्ही बाजूंनी शाबूत. उच्चार किंचित अस्पष्ट. स्वतःच्या शस्त्रक्रियेबद्दल फार बोलतो.’ खाली सही आणि शिक्का. शिक्का मिळाल्यावर बाकी काही मनाला लावून घ्यायचं नसतं, हे सौमित्रला सरकारी नोकराचा मुलगा म्हणून ठाऊक होतं. तरी ते शेवटचं वाक्य त्याला लागलं.

पावणेपाचला तो कंपनीत पोचला. ऋचाने रुग्णालयाचा कागद आणि दंतवैद्यांचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं.

“यात आहे,” ती म्हणाली. मग दुसऱ्यावर बोट ठेवून, “यात नाही.”

“दोन्ही बरोबर आहेत.”

“असं कसं? सिस्टममध्ये एकच बटन दाबता येतं. प्रेझेंट किंवा ॲबसेंट. तुम्ही एकच काहीतरी ठरवा ना प्लीज.”

इथे सौमित्रने हात जोडून ‘दाढ’ एवढाच शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. पण तीन दिवस सगळे त्याला अर्धवट ऐकत होते. त्याने रुग्णालयाचा कागद उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मासा काढला. गोगलगाय काढली, ती जरा जास्तच बारकाईने काढली, कारण हात तिथे बसलेला होता. मॉसची कुपी काढली, मेंदू काढला, कृमीचं अंडं काढलं. प्रत्येकावर झाकण दाखवलं. चेहरा तापला होता, उच्चार बिघडत चालले होते आणि शेवटी जेव्हा तो दाढेपर्यंत आला, तेव्हा कागदावर जागा उरली नव्हती.

ऋचा कागदाकडे पाहत होती. “यातलं तुमचं कोणतं?” तिने अगदी हळू आवाजात विचारलं.

घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. ऋचाने फोन उचलला आणि दुसरा हात वेटिंग लिस्टच्या यादीकडे नेला. सौमित्रला त्या यादीतलं पहिलं नाव उलटं वाचता येत होतं. छप्पन्न पानं, चिखलातली दोन वर्षं, डबी, चटई आणि टवका, आणि आता हे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टाक्यांमुळे आलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात दारावरचा उत्तरेश्वर किल्ल्या वाजवत आत आला. तो लातूरकडचा, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायचा.

“म्याडम, पाच वाजले. कुलूप लावू का?” मग त्याची नजर सौमित्रच्या गालावर गेली. “काय सायेब, दाढ का?”

सौमित्रने मान वर केली. तीन दिवसांत हा शब्द समोरून पहिल्यांदाच आला होता.

“आ करा बरं,” म्हणत उत्तरेश्वरने कमरेची बॅटरी काढली. सौमित्रने आ केला. नोकरीच्या मुलाखतीतही तो एवढ्या आशेने बसला नव्हता. “हां! अक्कलदाढ हाय म्याडम. वरची चामडी काढलीय. आमच्या मेव्हण्याची बी आशीच काढली. आठ दिसांत भाकर खायलाय.”

ऋचा टेबलाच्या या बाजूला आली आणि बॅटरीच्या उजेडात वाकून बघू लागली.

“अय्या! विझडम टूथ? एवढंच?” ती म्हणाली. “माझीपण मागच्या दिवाळीत काढली. अख्खी.”

“मग तुम्ही सतराव्या प्रश्नात काय लिहिलं होतं?” सौमित्रने आ मिटत विचारलं.

“काही नाही. दात कोण लिहितं?”

तिने नवा फॉर्म दिला. सौमित्र सतराव्या प्रश्नाशी थांबला. कोरं सोडणं त्याला जमलं नसतं. मग त्याने लिहिलं : ‘दाताचे किरकोळ काम’. ‘किरकोळ’ या शब्दाला ना माप होतं, ना मूळ, ना आकृती. ऋचाने शिक्का मारला, यादी खणात टाकली आणि म्हणाली, “सोमवारी नऊला. लेट होऊ नका.”

शनिवारी सुनीतीबाईंनी त्याला पेढे घेऊन पुढच्या इमारतीत पिटाळलं. शैलाकाकूंनी पेढा घेतला, त्याला आत बोलावलं आणि पाटीवर लिहिलेलं असूनही चहा टाकला.

“लागली हो नोकरी एवढं होऊनही,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्यांना सांगत होतेच, कॉम्प्युटरच्या कामाला काही अडत नाही त्याचं. पण खरं सांग बाळा, आता डोकं कसं आहे?”

सौमित्रने खुलासा करायला तोंड उघडलं. मासा, गोगलगाय, मॉस, मेंदू, अंडं आणि दाढ ओळीने जिभेवर येऊन उभी राहिली. समोर चहा निवत होता.

“झाकण काढल्यापासून बरंय, काकू,” तो म्हणाला.

काकूंनी समाधानाने मान हलवली. आणि नीट पाहिलं तर त्या वाक्यात चूक काहीच नव्हती.